उद्या दुपारपर्यंत

माघ उतरत होता, आणि भोगावतीच्या काठाकाठानं ऊस पांढरा झाला होता. रुपेरी तुरे, झुलते तुरे, वाऱ्यासरशी वाकणारे नि वाऱ्यामागं उभे राहणारे तुरे. त्यांच्यावर सकाळचं कोवळं, केशरकांत ऊन. उन्हात धूळ, धुळीत तोडकऱ्यांच्या बैलगाड्या, आणि त्या गाड्यांना चुकवत चाललेली एक लहानशी बस.

बसमध्ये बारा पाहुणे होते आणि तेरावी केराबाई मगदूम.

बारा जण हसत होते. पुण्याची माणसं, सुट्टी काढून आलेली. चिवड्याची पुडी हातोहात फिरत होती, गाणी चालली होती. मागच्या बाकावर केराबाई गुडघे जुळवून, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून बसली होती. शेजारच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "मावशी, तुम्हीपण रम चाखायला?"

"न्हाई," केराबाई म्हणाली. "लेकीला न्यायला."

लेक म्हणजे वैजयंता. एकुलती एक, श्यामलवर्णा, शांतनयना, रसायनशास्त्र शिकलेली. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत असते, असं तिनं आईला सांगितलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं म्हणा. पहिली दोन वर्षं ती तिथंच होती. पण दिवाळीच्या तोंडावर शेजारणीनं वर्तमानपत्राचा एक कागद आणून दाखवला. तांब्याच्या भल्याथोरल्या भांड्याजवळ वैजा उभी, हसरी, आणि खाली छापलेलं, की ही रम गाळते. केराबाईनं तो कागद चुलीत घातला.

तीन महिने मायलेकींत शब्द नव्हता. मग वैजाचा निरोप आला. एकदा येऊन बघ, बघून झाल्यावर तू 'चल' म्हणालीस तर मी चालू लागेन, पुन्हा मागं वळायची नाही. त्या निरोपावर केराबाई घराबाहेर पडली. बघायचं तिला काहीच नव्हतं. 'चल' एवढंच म्हणायचं होतं.

कारण दारू तिनं बघितली होती. बावीस वर्षांपूर्वीचा तो शनिवार, ती तिन्हीसांज. धोंडीराम मगदूम म्हणजे लाल मातीत घुमलेला गडी. रुंद छातीचा, मोठ्यानं हसणारा, सणावारी घोटभर घेणारा. हातभट्टीवरनं मिशीला पीळ देत आला आणि म्हणाला, "आज पहिल्या धारेची मिळाली, केरा! नशीब लागतं त्याला!" रात्री पोटभर जेवला. रविवारी भर दुपारी, अंगणात ऊन रणरणत असताना, खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, "अगं, दिवा लाव की. केवढा अंधार करून ठेवलाईस."

तिला वाटलं, चेष्टा करतोय. ती हसली. आपण त्या वेळी हसलो, हे तिनं आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

मंगळवारपर्यंत गावातून सात तिरड्या उठल्या, त्यांत एक धोंडीरामाची. वैजा तेव्हा नऊ वर्षांची होती.

वैजाची रमची भट्टी आमराईच्या आडोशाला होती. कौलारू, ठेंगणी, शेणानं सारवलेल्या अंगणाची. हवा गोड होती, जड होती, उसाच्या रसानं चिकट झालेली होती. बस थांबली तशी दारात वैजा आली. पांढरा कोट, घट्ट बांधलेले केस, कपाळावर घामाचे बारीक थेंब. आईकडं ती दोन पावलं धावली. पण समोर बारा माणसं होती.

"आलीस?"

"आले."

मग वैजा पुढं आणि पाहुणे मागं. चरकातून उतरणारा हिरवट, सोनेरी, फेनिल रस. आंबवणाच्या टाक्या, त्यांच्या पोटात अखंड बुडबुड, कान लावला तर लांबून पाऊस यावा तशी. पाहुणे वाकून बघत होते, फोटो काढत होते, "वा! वा!" म्हणत होते. केराबाई भिंतीकडेनं चालत होती. तिचं लक्ष रसाकडं नव्हतं, लेकीच्या डोळ्यांकडं होतं. डोळे निवळ होते. पण निवळ डोळे तिनं पूर्वीही बघितले होते, आणि त्यांवर तिचा भरवसा उरला नव्हता.

शेवटच्या दालनात ते होतं. तांब्याचं पोट, तांब्याचा गळा, तांब्याची लांब वाकलेली मान. आत रस उकळत होता, वाफ चढत होती; मानेतून जाऊन, गार होऊन, खालच्या तोटीतून थेंब थेंब गळू लागली होती. थेंबाथेंबाची धार झाली. बारीक, नितळ, निष्पाप दिसणारी धार.

वास आला तसा केराबाईनं पदर नाकाला लावला. उग्र, नाकाच्या शेंड्यात घुसणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास. त्या रविवारी धोंडीरामाच्या सदऱ्याला असाच होता. तिनं भिंतीचा आधार घेतला.

आणि नेमकं तेव्हाच एका जाडजूड, हौशी गृहस्थांनी खिशातून छोटा ग्लास काढून तोटीखाली धरला. "अहो, पहिल्या धारेची! ती सोडून पुढं जायचं म्हणजे पापच की! वाढा, वाढा!"

सगळे हसले. "आम्हालाही! आम्हालाही!" असा गलका झाला. भट्टीचे मालक यशोधन सरनाईक मागं उभे होते. माणूस भला, पण भिडस्त. पाहुणा म्हटला की 'नाही' हा शब्दच तोंडातून निघायचा नाही. ते म्हणाले, "वैजयंता, थोडी दे की. लांबून आलेत."

केराबाईनं तोंड उघडलं. ओरडावं असं वाटलं. ओरडायला आवाज नव्हता. ग्लासाच्या तळाशी चार थेंब पडले. पाच पडले.

वैजानं पुढं होऊन ग्लासावर आपला तळवा ठेवला. धार तिच्या बोटांवर पडत राहिली.

"नाही, साहेब."

"अगं, घोटभर…"

"थेंबभरही नाही." आवाज चढला नव्हता, पण हललाही नव्हता. "पहिली धार मी कुणाला देत नाही. हिच्यात विषारी, नको ते सगळं आधी निघून येतं. लोक हिला डोक्यावर घेतात, आणि मी ओतून टाकते. तुम्हाला द्यायचीच असेल तर उद्यापासून दुसरं माणूस बघा."

दालनात वाफेची सूसू तेवढी ऐकू येत होती. गृहस्थ ओशाळून ग्लास पुसू लागले. सरनाईकांच्या चेहऱ्यावर राग येऊ बघत होता, त्यांनी घसा खाकरला, वैजाकडं पाहिलं, भिंतीजवळच्या तिच्या म्हाताऱ्या आईकडं पाहिलं, आणि म्हणाले, "बरं बाई. तू म्हणशील तसं."

वैजानं तोटीखालचा पहिला डबा उचलला आणि कोपऱ्यातल्या लाल पट्ट्याच्या पिंपात रिता केला. परत आली. दर काही क्षणांनी धारेखाली बोट धरायची, दोन थेंब तळव्यावर घ्यायची, तळवे एकमेकांवर घासून नाकाशी न्यायची, मान हलवायची. नाही. अजून नाही. अजूनही नाही. बारा माणसं अवघडून उभी, आणि ही बया आपल्या तळव्यांत नाक खुपसून! केव्हातरी तिची मान हलायची थांबली. तिनं नवं भांडं धारेखाली सरकवलं आणि हलकेच म्हणाली, "आता चालेल."

केराबाईला लेकीचा अभिमान वाटला. आणि अभिमान वाटला म्हणून तिला स्वतःचा भयंकर राग आला.

चाखण्याची खोली आमराईकडं उघडत होती. लांब बाक, पांढरं फडकं, ओळीनं मांडलेले काचेचे इवले प्याले. दोन वर्षं लाकडी पिंपात मुरलेली रम वैजानं त्यात ओतली. मधुवर्णा, मंदगंधा, प्याल्याच्या कडेनं सावकाश उतरणारी. जळत्या साखरेचा, ओल्या लाकडाचा, पिकल्या केळ्याचा वास खोलीभर झाला. हात पुढं झाले.

"थांबा," वैजा म्हणाली. "आमच्याकडं एक रीत आहे. पिंप नवं उघडलं, की जिनं गाळली तिनं आधी प्यायची, सगळ्यांच्या देखत. मग पाहुण्यांनी."

पाहुण्यांना रीत फार आवडली. केराबाईला ती कुठून आली ते कळलं. त्या शनिवारी ज्यानं धार विकली, त्यानं स्वतः थेंबही घेतला नव्हता. तो अजून जिता आहे. म्हातारा झालाय, चावडीवर तंबाखू मळत बसतो. नऊ वर्षांच्या पोरीनं ते ऐकलं होतं, आणि ऐकून मनात ठेवलं होतं.

वैजानं प्याला उचलला.

"वैजे, नगं," केराबाई म्हणाली. पण ते इतकं हळू, की तिचं तिलाच ऐकू आलं.

घोट गेला. गळा हलला. प्याला रिकामा होऊन फडक्यावर टेकला.

केराबाई बाक धरून उठली. पाहुण्यांच्या मधून वाट काढत लेकीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं उजवा हात वर केला. सुरकुतलेला, विळ्याच्या वणांनी भरलेला हात.

"किती बोटं हाईत?"

खोलीत हशा पिकला. "अहो मावशी, एका घोटात कुठं चढतेय!" कुणीतरी म्हणालं. आणखी हशा. फक्त दोघी हसल्या नाहीत. बावीस वर्षांचं दुःख वैजाच्या तोंडावर उघडं पडलं.

"तीन, आई."

बसमधली शेजारीण त्या दोघींकडं बघत होती. तिनं आपला प्याला खाली ठेवला. मग दुसऱ्यानं ठेवला. हसणं आपोआप विरत गेलं.

"आत्ता दिसतंय," केराबाई म्हणाली. "त्यालाबी शनिवारी दिसत हुतं."

"आई, तपासणीचा कागद आहे माझ्याकडं. प्रत्येक पिंपाचा. दाखवते, बस."

"कागद नगं मला. उद्या दुपारपतोर मी हितनं हलत न्हाई."

दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. केराबाईचं तर सगळं घर पोळलं होतं. तिला कुणी काय समजावावं! पाहुणे चाखून, बाटल्या घेऊन, जरा गप्प गप्पच बसमध्ये चढले. बस गेली. आमराईत दोघी उरल्या.

दिवस कलताना केराबाईनं विचारलं, "किती?" "दोन." सूर्य टेकताना विचारलं, "किती?" "एक." भट्टीमागच्या आपल्या खोलीत वैजा भाकरी थापत होती, आई तिच्या हाताकडं बघत होती, पीठ परातीबाहेर सांडतंय का, हात तव्याचा अंदाज चुकतोय का. चुकला नाही. जेवण झालं. लेक झोपली; आईचा डोळ्याला डोळा लागला नाही.

पहाटे धुकं होतं. चहा घेताना केराबाईला खोलीच्या कोपऱ्यात एक पिशवी दिसली. कपड्यांनी भरलेली, तोंड बांधलेली.

"ही कशाला?"

"तू 'चल' म्हणालीस तर. मी शब्द दिला होता."

चहा गार होईपर्यंत केराबाई त्या पिशवीकडं बघत राहिली. मग तिनं हात वर केला. "चार," वैजा म्हणाली.

आणि दुपार येऊ लागली. ऊन अंगणात उतरलं, अंगण चढून पायरीवर आलं. नऊ झाले. दहा झाले. भट्टीतून माणूस बोलवायला आला. "आज उशीर होईल" असं सांगून वैजानं त्याला परत पाठवलं. अकरा झाले. दोघी पायरीवर, गुडघ्याला गुडघा लावून. केराबाईचा जीव टांगणीला लागला होता. सावल्या आखडत आखडत पायांपाशी आल्या, पायांखाली गेल्या. तीच वेळ. तसंच रणरणतं, निर्वात, निष्ठुर ऊन.

वैजानं डोळे मिटले. उन्हानं मिटले असतील. पण केराबाईनं तिचा खांदा धरून हलवला.

"वैजे! डोळं उघड! अंधार हाय का गं? अंधार वाटतोय का?"

"नाही, आई. ऊन आहे. लख्ख ऊन आहे."

"बघ माझ्याकडं." ती उभी राहिली. सूर्य तिच्या डोक्यावर होता. तिनं हात उचलला, उंच, आणि या खेपेला एकही बोट मिटलं नाही. "किती?"

"पाच," वैजा म्हणाली, आणि रडू लागली. "पाच आहेत, आई. पाचीच्या पाची दिसतायत. करंगळीला खरचटलंय तेसुद्धा दिसतंय."

केराबाईचा हात हवेतच राहिला. तिच्या घशातून एक आवाज निघाला. रडण्याचा म्हणावा तर त्यात हसणं होतं, आणि आज ते हसू तिनं आवरलं नाही.

"मी हसले हुते गं त्या दिवशी," ती म्हणाली. "त्यानं दिवा मागितला नि मी हसले हुते."

वैजानं नुसती मान डोलावली, सावकाश, दोनदा.

भट्टीतून हाक आली. वाफ चढली होती. वैजानं डोळे पुसले, पण ती उठली नाही. आईच्या तोंडाकडं बघत, तो एक शब्द येईल म्हणून बसून राहिली.

"बसलीस काय?" केराबाई म्हणाली. "जा. तुझ्याबिगर कोण वतून टाकणार ती पयली धार?"

आणि मग तो उंचावलेला, उन्हानं तापलेला, पाची बोटांनी उघडा हात सावकाश खाली आला. खाली आला, लेकीच्या मस्तकावर टेकला, आणि तिथंच राहिला.