नागलोकाच्या दारातल्या चपला

सुभेदार लालासाहेब पाटील फौजेतून घरी आले, पण फौज काही त्यांच्यातून बाहेर आली नाही. शिराळ्याच्या रस्त्यालगत उसाच्या रानात त्यांनी 'जवान फन पार्क' काढला, तोही अगदी छावणीसारखा. एका फाटकातून आत शिरायचं, चुना लावलेल्या दगडांमधून बाण दाखवतील तसं सरकायचं, झोपाळे, होडी, छोटी आगगाडी, उसाचा रस असं एकेक उरकायचं आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचं. मधल्या हिरवळीत पाटी होती, 'गवतावर पाय ठेवू नये.' माणसं इतक्या शिस्तीत जात, की अर्ध्या तासात गाडीला किल्ली लावत. मजा आली का, असं विचारलं तर, "व्हय, झालं सगळं बघून," म्हणत, कडू काढा संपवल्यासारखं.

रान दोघा भावांचं सामाईक. थोरले बाळासो बांधावर उभे राहून हे सगळं बघत.

"लाला," ते एक दिवस म्हणाले, "सुतकाच्या घरी आलेला माणूस बी तुझ्या बागेपक्षा जास्त येळ बसतो. श्रावणात आडसाली उसाची लागण हाय. नागपंचमीच्या आठवड्यात माणसं दिवेलागणीपतोर थांबली, तर रान तुझं. न्हाई थांबली, तर बाग मोडून मी सरी सोडणार."

लालासाहेबांना पुढचं दिसू लागलं. बाग गेली म्हणजे चावडीचा कट्टा. तिथं पेन्शनीतली मंडळी तीच तीच लढाई रोज नव्यानं जिंकत बसत, आणि त्यांत आपली भर पडणार.

बाळासोंची लेक स्वप्नाली सांगलीला विश्रामबागेत शिकत होती. ती सुट्टीला आली तेव्हा तिनं चुलत्याची बाजू घेतली.

"तात्या, बागेच्या शेवटाला काहीतरी जबरदस्त पाहिजे. भीतीची गुहा करू. किंचाळलेला माणूस आधी घाम पुसायला बसतो, मग रस पितो, आणि मग पुन्हा आत जातो."

सुभेदारांना हे डावपेच पटले. सिमेंटचा भला मोठा नाग उभा राहिला. उघडा जबडा हेच गुहेचं दार, डोळ्यांत लाल दिवे, आत अंधार, दोरीनं लोंबणारे रबरी साप, फुसकारे सोडणारं यंत्र आणि पाण्याचा फवारा. बाहेर पडायची वाट मागच्या बाजूनं, थेट गाड्या लावायच्या जागेत. तिथं नवी टोकदार खडी पसरली होती.

"किंकाळी रस्त्यापर्यंत ऐकू येईल, दादा," लालासाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले.

नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळ्यांत पुढं म्हसवडच्या भामाबाई होत्या, मागं त्यांची लेकरंबाळं. जबड्यापाशी त्या थबकल्या.

"चला, आगे चला. लाइन थांबवू नका," सुभेदारांनी आवाज दिला.

"आवं सुभेदार, देवाच्या दारात पायताण घालून जाऊ व्हय?"

भामाबाईंनी चपला काढल्या, कमरेच्या पिशवीतून कुंकू काढून नागाच्या फण्याला लावलं, खाली लाह्या वाहिल्या. झालं! एकीनं काढल्या म्हटल्यावर मागच्यांपैकी कुणाची छाती होणार? जीनपँटवाली पोरंसुद्धा मुकाट्यानं बुटांच्या नाड्या सोडू लागली.

लालासाहेबांनी भिंतीला कान लावला. आत यंत्र फुसकारलं.

"पोराला म्होरं करा. पाया पड रं," भामाबाईंचा आवाज आला.

फवारा उडाला.

"तीर्थ आलं, तीर्थ! डोळ्याला लावा!"

रबरी साप अंगावर पडले, तेव्हा कुणीतरी गहिवरून म्हणालं, "प्रसन्न झालं गं बाई!"

किंकाळी म्हणून नाही. मंडळी हात जोडून बाहेर पडली ती खडीवर. चपला पार पलीकडं! मागच्या दारावर नाथाजी उभा होता, सुभेदारांच्याच पलटणीतला. तो म्हणाला, "हितनं उलटं आत जायचं न्हाई. हुकूम हाय." मग सगळी वरात बगळ्यागत पाय उचलत पुढच्या फाटकाकडं वळली. बागेच्या वाटेवरचा मुरूम टोचायला लागला तशी माणसं गवतात घुसली. गवत मऊ लागलं. भामाबाई बसल्या, म्हणून सुना बसल्या. पोरं झोपाळ्याकडं पळाली, कुणी रस मागवला. चपलांपाशी पोचल्यावर एकजण म्हणाला, "आता आलोच हाय तर आणिक एकदा दर्शन घेऊ की!"

दिवे लागले तरी बाग गजबजलेली. पण लालासाहेबांना दिसत होतं फक्त तुडवलेलं गवत.

"तात्या, लोक थांबले!" स्वप्नाली नाचत म्हणाली.

"चपलांपायी अडकले बिचारे. ही मजा न्हाई, ही कैद झाली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंदोबस्त केला. दारातल्या चपला टोपल्यांत भरून नाथाजी मागच्या दाराला पोचवू लागला. माणसं बाहेर पडली, चपला घातल्या, गाडीत बसली. ऊन कलायच्या आत बाग ओस. बांधावर बाळासो ट्रॅक्टर घेऊन हजर.

"लाला, सोडू का सरी?"

आपल्या गुहेत खोट आहे तरी काय, हे एकदा स्वतः बघावं म्हणून लालासाहेब जबड्याकडं गेले. फण्यावर कुंकवाचा थर चढला होता. उभी हयात बुटात काढलेला माणूस, पण हात आपोआप नाड्यांकडं गेला. टोपली उचलायला नाथाजी तिथं नव्हता. तो रस पीत होता. सुभेदार अनवाणी आत गेले, डोळ्याला तीर्थ लावलं आणि मागून खडीवर पहिला पाय टाकला.

"आई गंऽऽऽ!"

आरोळी रस्त्यापलीकडं गेली. बाळासोंनी ट्रॅक्टर बंद केला आणि हसता हसता खाली उतरले.

"आली रं किंकाळी! चल, हात धर. गवतावरनं जाऊ."

बाग काढल्यापासून लालासाहेब पहिल्यांदाच गवतावर टेकले. इथून होडी कशी दिसते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बाळासोंनी रस मागवला, मग आणखी मागवला. लहानपणी दोघं याच रानात पाटाच्या पाण्यात कसे डुंबायचे, ते निघालं. बोलता बोलता दिवे लागले.

"थांबलो की रं आपण," बाळासो पेला ठेवत म्हणाले. "त्या टोपल्या उद्यापासनं बंद कर. आन ही गवताची पाटी त्या खडीवर नेऊन रोव."

"म्हंजे लागण?"

"पलीकडच्या तुकड्यात करतो. तुझे बूट कुटं हायत?"

"गुहेच्या दारात."

दोघं चालत दारापाशी आले. लालासाहेब बूट घालायला वाकले, तर शेजारी बाळासो चपला काढत होते.

"आता आलोच हाय तर..." ते म्हणाले आणि हात जोडून जबड्यात शिरले.