चेनची गाडी

गाडीचा विषय निघाला की उस्तादापुढे कुणाची डाळ शिजत नसे. "रबराच्या टायमिंग बेल्टवर चालतं ते कसलं इंजिन? चेन बिघडायच्या आधी महिनाभर खडखडून सांगते. बेल्ट मेला गुपचूप तुटतो आणि इंजिन जागीच बंद," हे त्याचं भाषण गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. एवढा जाणकार माणूस, पण त्या जाणकारीनेच त्याचा घात केला.

वर्षापूर्वी शाळेतल्या बाईंनी जाता जाता बेल्ट बदलायचा का विचारलं, तेव्हा तो जेवत होता. दुरूनच गाडीकडे बघत त्याने सांगून टाकलं, "चेन आहे, बाई. बिनघोर चालवा." त्या मॉडेलच्या पेट्रोल गाडीला चेन होती हे खरं. बाईंची डिझेल होती आणि तिला बेल्ट होता. बॉनेट उघडलं असतं तर बेल्टवरचं प्लास्टिकचं झाकण बघूनच कळलं असतं.

पंधरा दिवसांपूर्वी तो बेल्ट भर पुलावर तुटला. मागच्या सीटवर बाईंची आई धापा टाकत होती. दुसरी गाडी मिळून दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

ओढून आणलेली गाडी उस्तादाने आज उघडली. तुटका बेल्ट हातात असतानाच बाई दारात उभ्या राहिल्या.

"तुम्ही बदलायला सांगितलं असणार, उस्ताद. माझ्याच डोक्यातून गेलं. दादा म्हणतो, गाडीकडे लक्ष दिलं असतंस तर आई हाती लागली असती. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. कधी सांगितलं होतंत, तेवढं आठवतंय?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी उस्ताद सुटला असता. दोष बाईंनी आधीच पदरात घेतला होता. ते 'हो' अगदी ओठांवर आलं होतं, खोटं कशाला सांगा! पण बाईंचा ओढलेला चेहरा त्याला बघवेना.

"मी सांगितलंच नव्हतं. चेन आहे म्हणालो. बॉनेटसुद्धा उघडलं नाही. चूक माझी आहे, बाई."

बाई चिडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त फोन लावून त्याच्यापुढे धरला. "हे दादाला सांगा. माझं तो ऐकणार नाही."

उस्तादाने सांगितलं, एकही शब्द न गाळता. पलीकडून आवाज आला, "तिला द्या."

बाईंनी फोन कानाला लावला.

"दादा," पंधरा दिवस कोंडून ठेवलेला हुंदका देत त्या म्हणाल्या, "आई गेली रे."