चौदाचे एकेचाळीस

हॉस्पिटलच्या प्रोग्राममधला औषधाचा डोस काढणारा भाग, म्हणजे मॉड्यूल, मी पायथॉन या संगणकाच्या भाषेत लिहिलं. शिस्तीत करायचं तर प्रत्येक पेशंटसाठी वेगळा ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्राममधला त्याचा स्वतंत्र कप्पा, हवा होता. वजन त्याने लक्षात ठेवायचं, डोस त्यानेच सांगायचा. पण बाकीचे प्रोग्रामर कटकट करायला लागले, एवढ्याशा कामाला ऑब्जेक्ट कशाला? मग मी मॉड्यूलच्या आतच एक ऑब्जेक्ट गुपचूप बनवून ठेवला आणि त्याच्या मेथड, म्हणजे त्याला द्यायच्या आज्ञा, साध्या फंक्शनसारख्या कुणालाही वापरता येतील अशा बाहेर मांडल्या. एकात वजन द्या, दुसऱ्याला डोस विचारा. दोन ओळींत काम. सगळ्यांनी पाठ थोपटली, मीही फुगलो.

माझी ताई त्याच हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात नर्स. तिने चौदा किलोच्या एका मुलीचं वजन भरलं आणि बटण दाबलं. औषध सोडणाऱ्या पंपाने डोस दिला तो एकेचाळीस किलोच्या माणसाचा. मुलगी संध्याकाळी गेली.

चौकशीत सगळ्यांनी एकच ताडलं, ताईने आकडे उलटे टाइप केले. तिने मला विचारलं, तुझ्या प्रोग्राममध्ये तर काही नाही ना? मी तो दहा वेळा चालवून पाहिला, एकट्याने. दहाही वेळा उत्तर बरोबर. मी छातीठोकपणे नाही म्हणालो.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी प्रोग्रामच्या त्या दिवशीच्या नोंदी चाळल्या. ताईने वजन भरलं आणि ती बटण दाबणार तेवढ्यात शेजारच्या वॉर्डात कुणीतरी एकेचाळीस भरलं होतं. दोन्हीकडून हाक माझ्या त्या एकाच ऑब्जेक्टला. त्याच्या लक्षात शेवटचं वजन तेवढं राहिलं. मी दुपारीच दुरुस्ती केली आणि तोंड शिवून बसलो. उद्या सांगेन, असं स्वतःला म्हणालो. खरं सांगतो, मला माझ्याच जिवाची पडली होती.

सोमवारी ताईने चूक कबूल करून सही केली. नोकरी त्याच दिवशी गेली.

बुधवारी मी तिच्या घरी गेलो. ती भाचीच्या गणिताच्या वहीवर बोट ठेवून एकेक आकडा मोठ्याने वाचत होती.

"माझे डोळे आकडे उलटे करतात रे," ती म्हणाली. "आता मला आठवतंयसुद्धा. मी एकेचाळीसच टाइप केलं होतं."

मग मी सांगितलं, सगळं. तिने वही मिटली.

"तुला कधी कळलं?"

"शुक्रवारी."

तिने बोटांवर वार मोजले. शनिवार, रविवार, सोमवार. मग स्वतःवर विश्वास नसल्यासारखे पुन्हा पहिल्यापासून मोजले.