आर्नल्ड सगडनचे अश्रू

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी एनिड सगडनच्या परसात दहा-बारा धडधाकट माणसं एका प्लॅस्टिकच्या पाइपाखाली बाटल्या धरून उभी होती. पाइप स्वयंपाकघरातल्या, घर तापवणाऱ्या गॅसच्या बॉयलरचा होता, आणि त्यातून म्हणे आर्नल्डचे अश्रू टपकत होते. आर्नल्ड म्हणजे एनिडचा नवरा, गेल्या वर्षी ईस्टरच्या सुमारास वारलेला. हे अश्रू चोळले की गुडघेदुखी पळते, हा शोध गल्लीतल्या निवृत्त पोस्टमनचा, नॉर्मनचा.

"ढकलाढकली नको, रांगेनं या!" नॉर्मन खेकसत होता. "माझा डावा गुडघा बघा, लोण्यासारखा झालाय!"

भिंतीतल्या नळकांड्यातून पांढरी वाफ बाहेर पडत होती. "त्याचा श्वास गं," एकजण कुजबुजली आणि तिनं रुमाल काढला.

जोसी ब्रॅमली फाटकातच थबकली. हा बॉयलर ऑक्टोबरात तिनंच बसवला होता. आज एनिडनं तिला बोलावलं होतं, ते तो काढून न्यायला. समोरचा तमाशा बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली. शिकलेली माणसं, खिशात मोबाइल, आणि बॉयलरच्या सांडपाण्याला रांग!

"आलीस पोरी?" एनिडनं दार उघडलं. अंगात दोन स्वेटर, वर कोट. "घेऊन जा बाई ते. आर्नल्डला नाही आवडलेलं."

जुन्या बॉयलरची निगा आर्नल्ड तीस वर्षं राखत होता. एनिडनं त्याला कधी बोट लावलं नाही, ते नवऱ्याचं काम. त्या गल्लीत सगळ्यांची रीत एकच: सकाळी तासभर हीटिंग, संध्याकाळी तासभर, मधल्या वेळात स्वेटर आणि गरम पाण्याची पिशवी. दिवसभर गॅस जाळणारा माणूस उधळ्या. आणि हीटिंग चालू आहे की नाही, हे रेडिएटरवर, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी खेळणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्यावर, तळवा टेकवून ओळखायचं. चटका बसला की चालू. नव्या बॉयलरनं चटका दिलाच नाही. डिसेंबरात पाणी गोठायला लागलं, तरी रेडिएटर आपले कोमट आणि घर गारठलेलं. तेवढ्यात लायोनेल पीच उगवले.

पीचसाहेब मृतांशी बोलत. जांभळं जाकीट, बोटात तीन अंगठ्या, आवाज जणू सरबतात बुडवून काढलेला. सहा आठवडे दर रविवारी ते येत होते; ते आले की रेडिएटर तापायचे, गेले की पुन्हा कोमट. आर्नल्ड रागावलाय, त्याचा बॉयलर भंगारात दिला म्हणून तो घर तापू देत नाही, हे निदान त्यांचंच. राग कायमचा घालवायचा तर त्याची सर्वांत लाडकी वस्तू त्याच्याकडे पोचवायला हवी. ती पोचवणार अर्थात पीचसाहेब. म्हणून आर्नल्डनं गिरणीच्या बँडमध्ये चाळीस वर्षं वाजवलेला पितळी कॉर्नेट आज मखमली पेटीत घालून त्यांच्या मांडीवर ठेवला होता. बैठकीची खोली शेजाऱ्यांनी भरली होती, पण एनिडची नजर त्या पेटीवरून हलत नव्हती.

"मी एकटाच आत जातो," पीच डोळे मिटून म्हणाले. "आर्नल्ड लाजाळू आहे."

"आर्नल्ड? लाजाळू?" एनिड चक्रावली. "लग्नात पाद्रीबुवांना चावट विनोद सांगितले होते त्यानं!"

"मरण माणसाला बदलतं, मिसेस सगडन."

स्वयंपाकघराचं दार बंद झालं. आतून पाच मिनिटं गुणगुण ऐकू आली. मग साहेब घाम पुसत बाहेर आले. पाव तासात रेडिएटरला हात लावणारा प्रत्येकजण "आई गं!" करून मागे सरला. इतक्यात परसातून नॉर्मनची आरोळी आली, "थांबलं! रडायचा थांबला!" घरभर सुस्कारे सुटले. दोघीतिघी ढसाढसा रडल्याही.

जोसी सरळ स्वयंपाकघरात गेली आणि हसतच बाहेर आली.

"मिसेस सगडन, हे साहेब निघताना पुन्हा आत जातात का हो?"

"जातात की. निरोप घ्यायला. नाहीतर आत्मा दुखावतो म्हणे."

"अस्सं! या सगळे आत. नॉर्मन, तू बाहेरच थांब, बाटली धर. आर्नल्डला मी रडवते."

"अविश्वासानं कंपनं बिघडतात!" पीच किंचाळले.

"बिघडू देत. दुरुस्तीला मी आहे ना."

तिनं बॉयलरचं गोल बटण ऐंशी अंशांवरून पन्नासवर आणलं, किटली ठेवली आणि सगळ्यांना चहा दिला. ना मंत्र, ना गुणगुण. दुसरा कप संपत आला तेव्हा नॉर्मननं खिडकीतून तोंड आत घातलं. "रडतोय," तो म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला.

"गॅस जळला की धुरात पाण्याची वाफ असते," जोसी म्हणाली. "जुना बॉयलर ती उष्णतेसकट बाहेर फेकायचा. हा ती अडवतो. रेडिएटरमधून फिरून येणारं पाणी पुरेसं गार असलं, तरच त्या वाफेचं पाणी होतं आणि तिच्यातली ऊब घराला परत मिळते. म्हणून ह्यात पाणी कोमटच ठेवायचं. आता कोमट रेडिएटर घर सावकाशच तापवणार, आणि कडाक्याच्या थंडीत भिंतींतून ऊब भराभर निसटते, म्हणजे आणखी सावकाश. तुम्ही तासाभरात बंद करता, तोवर त्यानं नुसती सुरुवात केलेली असते. तो तासन् तास मंद चालू द्यायचा. फारच गोठलं तर साठवर न्यायचा. तरीही आर्नल्डच्या त्या धुडापेक्षा गॅस कमीच खाईल. ह्या साहेबांनी बटण ऐंशीवर नेलं, म्हणून चटके बसले. परतणारं पाणीही तापलं, वाफेचं पाणी होईना, अश्रू बंद. निघताना 'निरोप' घेत बटण परत पन्नासवर, की घर पुन्हा गार. चमत्कार तो एवढाच!"

"आणि माझा गुडघा?" नॉर्मननं विचारलं.

"ते पाणी ॲसिडसारखं आंबट असतं रे, गटारात सोडायचं. पाय धू जा."

कोणीतरी फिसकन हसलं. एनिड हसली नाही.

"म्हणजे तो माझ्यावर रागावलेला नाही?"

"नाही."

"आणि इथे... तो नाहीच?"

"नाही, मिसेस सगडन. आणि चूक माझीही आहे. हे सगळं मी ऑक्टोबरातच सांगायला हवं होतं. मी बटण पन्नासवर लावलं, तुमचा चहा प्यायले आणि चालती झाले."

एनिड उठली. तिनं पीचच्या हातातली पेटी ओढून घेतली आणि छातीशी धरली. पीच "आत्मे अपमान विसरत नाहीत" असं काहीतरी पुटपुटत दाराकडे सरकले. त्यांना कोणी अडवलं नाही, कोणी दारापर्यंत सोडायलाही गेलं नाही.

"सहा आठवडे," एनिड म्हणाली. "सहा आठवडे रोज इथे उभी राहून मी नवऱ्याची माफी मागितली. एका नळकांड्याकडे बघत! जिनं हे बसवलं ती पोरगी दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण तिला विचारायची मला लाज वाटली. म्हातारी मूर्ख आहे असं म्हणेल, म्हणून. अरे, त्या लाजेवरच तर असल्यांची पोटं भरतात! ज्याला कळतं त्याला विचारा. एकदा नाही समजलं तर दहादा विचारा. माझ्यासारखी माफी मागत बसू नका."