दादाच्या चाकांची किल्ली

आमच्या घरात चुका करायचं काम दादाकडे आणि निस्तरायचं माझ्याकडे. सायकल दुरुस्तीचं दुकान मात्र तिघांचं: बाबा, दादा आणि मी.

चाक बसवायची बाबांची पद्धत ठरलेली होती. चाकाचा आस सायकलच्या पुढच्या-मागच्या चिमट्याच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या खाचांत पूर्ण टेकवायचा, रिम ब्रेकच्या रबरांच्या मधोमध आहे ना ते बघायचं, मग आसाच्या टोकाचा, चाक आवळणारा खटका दाबून मिटवायचा. इतका जोर लावायचा की तळहातावर वळ उठला पाहिजे. शेवटी चाक ढिलं नाही ना ते बघायला सायकल उचलून चाकावर वरून जोरात थाप मारायची. दादाला एवढा धीर कुठला! तो खटका न मिटवताच नटासारखा गरगर फिरवायचा आणि घट्ट लागला की हात झटकायचा.

असंच त्यानं बसवलेलं पुढचं चाक उतारावर निखळलं आणि बाबा तोंडावर आपटले. पुढचे दात गेले, उजवं मनगट कायमचं आखडलं. दादानं दवाखान्यातच सांगून टाकलं की चाक छोटीनं बसवलं होतं. छोटी म्हणजे मी. मी कानीकपाळी ओरडले, पण बाबांनी चाकांचं काम माझ्याकडून काढून घेतलं. तेव्हापासून मी नुसती पंक्चर काढत होते आणि आतल्या आत धुमसत होते. मला माझं काम परत हवं होतं. त्याहून जास्त, दादाला बाबांसमोर खोटा पडलेला बघायचं होतं.

मग बाजारात दादाच्या नव्या सायकलची सीट कुणीतरी दांडीसकट पळवली. मी पोट धरून हसले. तो घाबरला आणि चोरांना उघडता न येणारे खास नट घेऊन आला. दोन्ही चाकांना, सीटच्या दांडीला, सगळ्यांना मिळून एकच किल्ली. बाबा दुपारी आडवे झाल्यावर हळूच मला म्हणाला, "तूच बसव. तुझ्या हातचं हलत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माझ्या हातचं चाक निखळत नाही, हे या माणसाला पक्कं माहीत होतं!

काम मी चोख केलं. सूड म्हणून चाक ढिलं सोडायला मी काही दादा नाही. नट आवळले, थाप मारली. नव्या दांडीला ग्रीस लावून ती तिच्यावरची खोलीची खूण सायकलच्या नळीत जाईपर्यंत उतरवली. किल्ली तेवढी माझ्या खिशात टाकली.

रविवारी दादाला सायकल शर्यतीला नेणारी गाडी दुकानासमोर थांबली. चाकं काढल्याशिवाय सायकल आत मावणार नव्हती. बाबा खुर्चीत बसले होते. दादानं किल्लीसाठी माझ्यापुढे हात केला.

"आधी बाबांना सांग, त्यांचं चाक कुणी बसवलं होतं," मी म्हटलं.

त्यानं डोळे वटारले, मग गयावया केली. घरी गेल्यावर बोलू म्हणाला. गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. शेवटी दादा जमिनीकडे बघत पुटपुटला.

"मोठ्यानं," मी म्हटलं.

"मी बसवलं होतं, बाबा. छोटीनं नाही."

बाबांनी डाव्या हातानं गाडीवाल्याला जायची खूण केली. दादा गाडीमागे धावला आणि धापा टाकत परत आला. मला वाटलं होतं त्याची दया येईल. नाही आली, उलट बरं वाटलं.

"याची चाकं आता छोटी म्हणेल तेव्हाच निघतील," बाबा म्हणाले.

मी अजून म्हटलेलं नाही.