खिडकीत मावेना असं

आधी राहतं घर विकायचं आणि मग दुसरं शोधायचं, हे शहाणपण थोरल्या मुलाचं. चांगलं गिऱ्हाईक मिळालं म्हणून हुरळला. आता महिनाअखेरीला किल्ली द्यायची होती आणि त्याचा बाप, म्हातारा शिंपी, एकही घर पसंत करेना. "तुम्ही जा. मी दुकानात पडेन मशीनशेजारी," म्हणायचा. बोलेल तसं करणारा माणूस, हीच तर पंचाईत!

घरं बघत वणवण करायचं काम अर्थातच सुनेच्या गळ्यात. फुकट सल्ल्यांना तोटा नव्हता. तिला पटला एकच: एजंटनं दाखवलेलं घर त्याला न सांगता, वेगळ्या वेळी पुन्हा बघावं. कारण हे लोक घर दाखवतच नाहीत, झाकतात. वरच्या मजल्याचं एक घर त्यानं भरदुपारी दाखवलं होतं, खिडक्या घट्ट लावून. "धूळ येते, ताई." एवढ्या उंचावर कसली आलीय धूळ?

संध्याकाळी ती सासऱ्यांना घेऊन थेट त्या घराच्या दारात उभी राहिली. मालकीणबाईंची नजर आधी घड्याळाकडे गेली.

"एजंट नाही आले? आत्ता नको होतं यायला."

"का? आत्ता भुतं येतात का?" म्हणत सुनेनं खिडकी सताड उघडली.

आधी काचा थरथरल्या. मग आवाज आला, छातीत घुसणारा. समोरच्या गच्चीमागून विमान वर आलं, म्हणजे आलंच, खिडकीत मावेना. पांढरं पोट, खाली लोंबणारी चाकं, पत्र्याच्या जोडावरचा एकेक खिळा. खोलीभर सावली फिरली आणि ते डोक्यावरून गेलं. सून भिंतीला चिकटून उभी होती.

शिंप्याचा जन्म मान खाली घालून सुईखालचं कापड बघण्यात गेला होता. विमान म्हणजे त्याच्या लेखी आभाळातली टाचणी. आता त्याची मान मागे पडली होती, तोंड उघडं.

"अगं," तो कुजबुजला, "टाके दिसले गं त्याचे! एवढं मोठं, आणि टाके किती बारीक!"

मालकीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. "रोज असंच. वैतागलोय आम्ही. एजंट म्हणाला, सांगू नका."

त्यांनीच फोन केला असावा, कारण थोड्याच वेळात एजंट धापा टाकत आला. "ताई, सवय होते! हवं तर किंमत उतरवून देतो, आवाजापायी."

सुनेला कळत होतं, आता तोंड वाकडं करून गप्प राहायचं. पण सासऱ्यांचं तोंड तिच्या ताब्यात कुठे होतं!

"आवाजापायी कमी?" शिंपी खवळला. "अरे, अक्कल आहे का तुला?"

"मामंजी, जरा गप्प बसा हो!"

"का बसू? बाई, हे तुम्ही विकताय कसं?"

मालकीणबाई कसनुसं हसल्या. एजंट आळीपाळीनं सासऱ्याकडे आणि सुनेकडे बघत राहिला. धंद्यात त्याला असलं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं.

काचा पुन्हा थरथरल्या. म्हातारा खिडकीखालच्या फरशीवर सरळ उताणा झोपला, दोन्ही हात पोटावर.

"सूनबाई, माझी खाट इथं," तो ओरडला. "या बाजूला डोकं. आणि पडदा लावायचा नाही, सांगून ठेवतो."