धूळ न बसलेली गाडी

सीटबेल्टचं बक्कल आधी उलट्या हाताने तपासायचं, मग मूल बसवायचं.

जांभळा मेणखडू मागच्या सीटवर राहिला तर दुपारपर्यंत त्याचा नकाशा होतो. कुठल्याच देशाचा नाही.

ऑफिसातल्या रिकाम्या खुर्चीवर आता लोक आपापली जॅकेटं टाकतात.

करामामध्ये बुटांचा सेल. मुलांचे एक नंबर मोठेच घ्यावेत.

'वॉश मी, हबीबी.' धुळीने भरलेल्या मागच्या काचेवर, बोटाने.

गणपती कशानेही चिकटवा, जुलैत सुटतो.

*

आखातातल्या अल नहदामध्ये सुनेत्राच्या टॉवरमागे वाळूचं मोकळं मैदान होतं. तळघरात जागा न मिळालेल्या गाड्या तिथे उभ्या राहायच्या. २००९च्या मंदीच्या उन्हाळ्यात त्यातल्या बऱ्याच हलेनाशा झाल्या. कर्ज मागे ठेवून परत न येणाऱ्यांच्या, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आधी काच मळायची, मग नंबरप्लेट, मग गाडीचा रंग काय होता तेच आठवेनासं व्हायचं.

एक गाडी तेवढी स्वच्छ होती. पांढरी. ती अर्चना आणि चारुदत्तची, सुनेत्राच्या समोरच्या फ्लॅटमधल्यांची. जुलै लागताच ते लेकीला, शुभ्राला, घेऊन पुण्याला सुट्टीवर गेले होते आणि दर वर्षीसारखी चावी सुनेत्राकडे ठेवून गेले होते. उन्हाळ्यात गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी मरते. म्हणून जो जातो तो चावी शेजारी देतो, आणि जो राहतो तो अधूनमधून खाली जाऊन इंजिन चालू करतो. पुढच्या वर्षी उलट. यात कोणी कोणाचे आभार मानत नाही. फार तर चितळ्यांच्या बाकरवडीचा एखादा पुडा.

आता ईदची सुट्टीही संपली होती. शाळा उघडून किती दिवस झाले होते. समोरचं दार बंदच होतं. चारुदत्तचा इथला नंबर लागत नव्हता आणि अर्चनाचा पुण्याचा नुसता वाजत राहायचा.

जाताना लिफ्टपाशी अर्चनाने सुनेत्राला मिठी मारली होती. नेहमीसारखीच, एका हातात पासपोर्टचा पाउच. तेव्हा तिला माहीत होतं का? सुनेत्राला एवढंच जाणून घ्यायचं होतं. बाकी चारुदत्तची कंपनी, त्याचं बंद पडलेलं प्रोजेक्ट, बँकेचं कर्ज, ते सगळं पुरुषांनी बाल्कनीत उभं राहून हळू आवाजात बोलून घेतलं होतं.

*

गाडी थंड कशी करायची:

दार उघडून लगेच बसायचं नाही. पलीकडची एक काच पूर्ण खाली घ्यायची. मग अलीकडचं दार पंख्यासारखं उघडझाप करायचं, चार-पाचदा, जोरात. आतली गरम हवा दुसरीकडून बाहेर पडते. मग ओला नॅपकिन स्टिअरिंगवर. मग चावी. मग बाहेरच उभं राहायचं.

हे अर्चनाने शिकवलं होतं, सुनेत्रा इथे नवीन आली तेव्हा. 'गाडीला आधी श्वास सोडू द्यायचा गं, आपण मग घ्यायचा,' असं म्हणून ती दार हलवायला लागली होती, आणि पलीकडून एक पठाण ड्रायव्हर बघत राहिला होता, दोन बायका गाडीला वारा घालतायत म्हणून.

सुनेत्राला गाडी चालवता येत नव्हती. इंजिन चालू करून ती चालकाच्या नाही, शेजारच्या सीटवर बसायची. अर्चनाच्या. समोर डॅशबोर्डवर छोटा पितळी गणपती.

*

गणपतीबद्दल, सुनेत्राचं म्हणणं:

दर वर्षी सुट्टीला जायच्या आधी अर्चना तो डॅशबोर्डवरून काढून सुनेत्राच्या देव्हाऱ्यात आणून ठेवते, कारण उन्हाने गोंद वितळतो आणि देव पायाशी पडलेला तिला चालत नाही. या वर्षी ठेवला नाही. म्हणजे लवकर येणार होती. आणि कायमचं जायचं असतं तर अर्चनाने गणपती सोबत नेला असता. देवाला वाळूत सोडून जाणारी ती नाही.

गणपतीबद्दल, तिच्या नवऱ्याचं, गुणवंतचं म्हणणं:

घाईत विसरली असेल.

'अर्चना विसरत नाही,' सुनेत्रा म्हणाली होती. त्यावर गुणवंतने टीव्हीचा आवाज वाढवला होता.

*

गुणवंत रोज जबल अलीला कामावर जायचा, आणि रोज जरा लवकर जायचा. त्याच्या विभागात ज्याला केबिनमध्ये बोलावतात तो परत जागेवर येतो ते फक्त बॅग घ्यायला. नोकरी गेली तर व्हिसा जाईल, व्हिसा गेला तर मुलाचं, वेदांगचं, शाळेचं वर्ष अर्धवट राहील, हे तो जेवताना रोज नव्याने सांगायचा. त्या गाडीपाशी तू दिसू नकोस, हेही सांगायचा. उद्या कोणी म्हणालं, यांना सगळं माहीत होतं, यांनीच पळायला मदत केली, तर?

एकदा नीटच बोलला.

'सुनेत्रा, त्या गाडीवर धूळ बसू दे. सगळ्यांच्याच बसतेय.'

'मळकी गाडी पालिकावाले उचलून नेतात.'

'नेऊ दे.'

'आणि ती आली तर?'

वेदांग ताटातून मान वर न करता म्हणाला, 'ममा, दे आर नॉट कमिंग बॅक. शुभ्राज चेअर इज गॉन ऑल्सो.' वर्गातली खुर्चीच उचलून नेली होती म्हणे. नवीन मुलीला.

त्या वर्षी चतुर्थीला आरतीची माणसंही सुनेत्राकडेच आली होती, समोरचं दार बंद म्हणून. अर्धीच आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वेदांगची बस गेल्यावर, सुनेत्रा बादली घेऊन खाली उतरलीच.

*

बँकेचा माणूस संध्याकाळी आला. गुणवंत नुकताच कामावरून येऊन बूट काढत होता. माणूस मराठीच निघाला. नाव दौलत, गाव जळगावकडचं, गळ्यात टाय आणि कॉलरखाली रुमाल. त्याने बाहेरच बूट काढले, वहिनी म्हणाला, पाणी मागितलं आणि उभ्यानेच प्यायला.

सगळं त्याने फार सौम्यपणे सांगितलं. हप्ते थकलेली चारुदत्त साहेबांची गाडी त्याला न्यायची होती. तो मैदानात सकाळपासून फिरत होता. ज्या गाड्या मळलेल्या होत्या त्यांच्याबद्दल विचारायची गरज नव्हती. ही एक चकचकीत दिसली, तेव्हा वाटलं साहेब इथेच आहेत, दडून बसलेत. वॉचमनला विचारलं, गाडी कोण पुसतं? तो म्हणाला, सहाव्या मजल्यावरच्या मॅडम.

गुणवंतने सुनेत्राकडे पाहिलंच नाही.

'ते सुट्टीला गेलेत,' ती म्हणाली. 'येतील.'

'कधी, वहिनी?'

'शाळा उघडली की.'

वेदांगचा शाळेचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर वाळत होता. दौलतने त्याच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या ग्लासाकडे.

'मी रोज अशी दारं वाजवतो,' तो म्हणाला. 'चावी असेल तर द्या, मी तुमचं नावही घेणार नाही. नसेल तर मला कळवावं लागेल की गाडी कोणीतरी वापरतंय.'

चावी कुठल्याशा देवीच्या कीचेनला लावून दाराशेजारच्या खुंटीवर अडकवलेली होती. तिघांनाही दिसत होती. सुनेत्रा म्हणाली की तिला काही माहीत नाही. गुणवंतने हात लांब करून चावी काढली. पण दौलतला दिली नाही. तिच्या हातावर ठेवली.

'तूच दे,' तो म्हणाला. 'पण दे.'

*

खाली ऊन उतरलं होतं, गाडीच्या पत्र्याचा ताप उतरला नव्हता. दौलत हात पुढे करून उभा होता. सुनेत्राने स्वतःच कुलूप उघडलं. पलीकडची काच खाली घेतली. मग दार धरून उघडझाप करायला लागली, चार-पाचदा, आणि मग नुसतीच करत राहिली. दौलतला घाई असावी, पण तो थांबला.

गणपती ओढावा लागला नाही. गोंदाची पिवळी तार लांबत लांबत आली आणि तुटली. पितळ इतकं तापलं होतं की ती तो या हातातून त्या हातात घेत राहिली. तो खाली ठेवावा असं तिच्या मनातही आलं नाही.

'डिकीत काही असेल तर बघून घ्या,' दौलत म्हणाला. 'नंतर मिळत नाही.'

डिकीत सनशेड होती, पाण्याच्या फुगलेल्या बाटल्या, आणि करामातल्या दुकानाची पिशवी. पिशवीत बुटांचा खोका. काळे, शाळेचे, शुभ्राच्या मापापेक्षा एक नंबर मोठे. लेबल तसंच होतं. सुनेत्राने एक बूट उचलला तेव्हा वरचा भाग हातात आला आणि तळवा खोक्यातच राहिला. उन्हाने गोंद सोडला होता.

गुणवंत मागे येऊन उभा राहिला होता. तिने बूट त्याच्यासमोर धरला.

'सप्टेंबरसाठी घेतले होते,' ती म्हणाली. 'बघ. तिला माहीत नव्हतं. त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.'

गुणवंतने बुटाकडे पाहिलं. गणपतीकडे पाहिलं नाही.

'आणि हा,' ती म्हणाली, 'हा तिने परत यायचं म्हणूनच ठेवला होता.'

गुणवंत काहीतरी म्हणणार होता. दौलतने तिच्याकडून चावी घेऊन इंजिन चालू केलं आणि एसीचा आवाज मोठा झाला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली होती. बॅटरी छान ठेवलीत, असं दौलत काच खाली करून म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं असावं, कारण त्याने काच लगेच वर घेतली.

मैदानात गाडीच्या जागी एक स्वच्छ चौकोन राहिला. रात्री वारा सुटला.

सुनेत्राने गणपती देव्हाऱ्यात ठेवला, बुटांचा खोका कपाटावर. तळहाताला बर्फ लावताना ती गुणवंतला म्हणाली की आता तिचं काही म्हणणं नाही. कळायचं ते कळलं. तो बर्फाचा ट्रे परत पाण्याने भरत होता, नळ बारीक सोडून, खूप वेळ.

*

जुलैत, विमानतळावरून, अर्चनाने घरच्या नंबरवर फोन केला होता. सुनेत्रा भाजी आणायला खाली गेली होती, म्हणून गुणवंतने घेतला. गाडीतला गणपती आजच वर नेऊन ठेवा, एवढंच तिने सांगितलं, आणि तो हो म्हणाला.